कंपवातातील नेत्रहालचाली व चालण्यातील अडचणी

कंपवात अथवा पार्किन्सनचा आजार हा मेंदूतील विशिष्ट चेतापेशींच्या ऱ्हासामुळे उद्भवणारा आणि हळूहळू वाढत जाणारा विकार आहे. हातांचा कंप, स्नायूंचा ताठरपणा, हालचालींतील मंदपणा आणि तोल सांभाळण्यातील अडचण ही त्याची सर्वपरिचित लक्षणे होत. डोळ्यांच्या हालचालींत होणारे बदल त्या मानाने कमी परिचित आहेत. अवघड जागी चालताना पाऊल पडण्याआधी त्या जागेकडे नजर गेलेली असते आणि वळण घेताना शरीराच्या आधी डोळे वळतात. कंपवातात नजर हलवणारी आणि पाऊल उचलणारी अशा दोन्ही यंत्रणा बाधित होतात व एकीतील दोष दुसरीला भोवतो. त्यामुळे चाल मंदावणे, दारात किंवा वळणावर पाय थबकणे आणि पडणे या अडचणींचा विचार केवळ पायांपुरता करणे अपुरे ठरते. याच नजरेचा आधार घेऊन अडलेले पाऊल पुन्हा सुरू करता येते, हेही अभ्यासातून दिसून आले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगभरात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा आजार होता. अशा व्यक्तींपैकी सुमारे ६० टक्के व्यक्ती एका वर्षाच्या काळात किमान एकदा पडतात, असे निरनिराळ्या पाहण्यांच्या एकत्रित अभ्यासातून आढळले आहे. पडल्यामुळे खुब्याचे हाड मोडणे, अंथरुणास खिळणे आणि पुन्हा पडण्याच्या भीतीने घराबाहेर जाणे सोडून देणे, असे परिणाम संभवतात.

इतिहास

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या आजाराचे पहिले सुसंगत वर्णन आढळते. निबंधात सहा व्यक्तींची हकिगत आहे. त्यांतील काही जणांना पार्किन्सन यांनी केवळ रस्त्यावर पाहिले होते. म्हणजे चाल हाच त्या निरीक्षणाचा मुख्य आधार होता. शरीर पुढे झुकणे आणि चालता चालता पावले आपोआप धावण्याकडे झुकणे, या दोन गोष्टींची त्यांनी नेमकी नोंद केली. इंद्रिये व बुद्धी अबाधित राहतात असे मात्र त्यांचे मत होते. पुढील संशोधनाने ते पूर्णतः खरे ठरले नाही. फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ झाँ-मार्तँ शार्को यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या आजाराचा सखोल अभ्यास केला आणि त्याला पार्किन्सन यांचे नाव द्यावे असे सुचवले.

डोळ्यांकडे वैद्यकाचे लक्ष वेधले गेले ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पसरलेल्या निद्रालू मेंदूज्वराच्या साथीनंतर. या साथीतून वाचलेल्या अनेकांना पुढे कंपवातासारखी लक्षणे जडली. त्यांपैकी काहींचे डोळे एकाएकी वर खिळून राहत आणि कित्येक मिनिटे, क्वचित काही तास, खाली येत नसत. हा प्रकार नेहमीच्या कंपवातात आढळत नाही. परंतु हालचालींचे नियमन करणाऱ्या मेंदूच्या भागांचा डोळ्यांशी संबंध आहे, हे त्यातून सूचित झाले. फ्रेंच वैद्य अ‍ॅलेक्सांद्र सूक यांनी १९२१ साली आणखी एक विलक्षण बाब नोंदवली. एरवी जागचे हलू न शकणारे रुग्ण विशिष्ट प्रसंगी सहज चालू वा धावू शकत. या घटनेला विरोधाभासी हालचाल असे नाव मिळाले. ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, जमिनीवर आडव्या रेषा आखल्या असता अशा रुग्णांची चाल सुधारते, हे दाखवून दिले.

मेंदूतील रासायनिक कारणाचा उलगडा याच काळात होत गेला. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास डोपामिन हे मेंदूतील स्वतंत्र संदेशवाहक द्रव्य असल्याचे दाखवले. त्या कार्यासाठी त्यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ऑस्ट्रियातील ओलेह होर्निकिएविच यांना १९६० साली कंपवाताने मृत्यू पावलेल्या व्यक्तींच्या मेंदूत डोपामिनची मोठी कमतरता आढळली. त्यावरून लेव्होडोपा हे औषध पुढे आले आणि १९६७ पासून त्याचा परिणामकारक वापर सुरू झाला.

निरोगी व्यक्तीची नजर आणि पाऊल

मानवी डोळ्याला सर्वांत स्पष्ट दिसते ते दृष्टिपटलाच्या मध्यावरील एका लहानशा भागाने. म्हणून सभोवतालचे दृश्य नीट पाहण्यासाठी डोळे सतत एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर उडी घेत असतात. या जलद उडीला शास्त्रीय परिभाषेत सॅकेड म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी नेत्रझेप हा शब्द वापरला आहे. जागेपणी माणूस सेकंदाला साधारणतः तीन नेत्रझेपा घेतो. एखादी वस्तू दिसल्यापासून तिच्याकडे नेत्रझेप सुरू होण्यास सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. नेत्रझेपेखेरीज डोळ्यांच्या आणखी दोन हालचाली येथे महत्त्वाच्या आहेत. हलत्या वस्तूचा सावकाश माग काढणे हे संथ अनुसरण होय. जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे नाकाकडे वळणे याला अभिसरण म्हणतात.

सपाट, ओळखीच्या वाटेवर चालताना डोळ्यांना फारसे काम नसते. वाट अवघड झाली की नजर कामाला लागते. ठरावीक खुणांवर पाय ठेवत चालावयाचे असल्यास नजर साधारणतः दोन पावले पुढे असते. पुढच्या खुणेवर नेत्रझेप आधी पोहोचते व पाऊल मागून येते. एखादा अडथळा ओलांडताना माणूस त्याच्याकडे पाहतो ते त्याच्याजवळ पोहोचण्यापूर्वी. प्रत्यक्ष पाय उचलताना नजर पुढे सरकलेली असते. वळताना हा क्रम अधिक स्पष्ट दिसतो. प्रथम डोळे नव्या दिशेला जातात, पाठोपाठ मान, नंतर धड आणि शेवटी पावले वळतात. पूर्ण काळोखात वळतानाही डोळे आधी वळतात. त्यावरून असे मानले जाते की, डोळ्यांची ही हालचाल केवळ पाहण्यासाठी नसून ती संपूर्ण शरीराच्या वळण्याच्या आराखड्याचा पहिला टप्पा आहे.

मेंदूतील सामाईक दुवा

मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रकांच्या समूहाला बेसल गँग्लिया म्हणतात. कोणती हालचाल होऊ द्यावयाची आणि कोणती रोखावयाची, याची निवड करण्यात या समूहाचा मोठा वाटा असतो. मध्यमस्तिष्कातील सब्स्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे कृष्णद्रव्य, हा भाग या समूहाशी निगडित आहे. त्याचे दोन विभाग पडतात. एका विभागातील चेतापेशी डोपामिन तयार करतात; कंपवातात ऱ्हास होतो तो मुख्यतः यांचा. दुसऱ्या विभागातील चेतापेशी सतत रोधक संदेश पाठवत राहतात. त्यांचे कार्य बंद फाटकासारखे आहे. त्या क्षणभर थांबल्या की फाटक उघडते आणि हालचाल घडते.

हे फाटक डोळ्यांसाठी कसे काम करते, याचा उलगडा ओकिहिदे हिकोसाका व रॉबर्ट वुर्ट्झ यांनी १९८३ साली माकडांवरील प्रयोगांतून केला. मध्यमस्तिष्काच्या मागील बाजूस असलेला सुपीरियर कॉलिक्युलस हा भाग नेत्रझेपेचा आदेश देतो. कृष्णद्रव्यातील रोधक चेतापेशी त्याला एरवी दाबून ठेवतात व नेत्रझेपेच्या किंचित आधी शांत होतात. डोपामिन कमी पडले की हा दाब वाजवीपेक्षा अधिक राहतो आणि नेत्रझेप उशिरा निघते किंवा अपुरी पडते.

चालण्याच्या बाबतीतही अशीच रचना आहे. रशियन शास्त्रज्ञ शिक, सेवेरिन व ओर्लोव्हस्की यांनी १९६६ साली मांजराच्या मध्यमस्तिष्कातील एका क्षेत्राला विजेचे उद्दीपन देऊन चाल सुरू करून दाखवली. उद्दीपन वाढवताच मांजर चालण्याऐवजी धावू लागे. या क्षेत्रातील पेडंक्युलोपाँटाइन केंद्रकालाही बेसल गँग्लियातून रोधक संदेश पोहोचतात. एकाच उगमातून निघालेला अतिरिक्त दाब अशा रीतीने नजर आणि पाऊल या दोहोंवर पडतो. शिवाय कंपवातात या केंद्रकातील अ‍ॅसिटिलकोलीन तयार करणाऱ्या चेतापेशींचाही ऱ्हास होतो. तोल व चाल यांतील काही दोष डोपामिनवर्धक औषधांना दाद देत नाहीत, त्याचे हे एक कारण मानले जाते.

कंपवातातील नेत्रहालचाली

कंपवाताच्या सर्व रुग्णांत पुढील सर्वच बदल आढळत नाहीत आणि सुरुवातीच्या काळात ते इतके सूक्ष्म असतात की रुग्णाला जाणवतही नाहीत.

अपुरी नेत्रझेप: डोळे लक्ष्यावर एका झेपेत न पोहोचता अलीकडेच थांबतात आणि मग एक-दोन लहान झेपा घेऊन उरलेले अंतर कापतात. हस्ताक्षर बारीक होत जाणे आणि पावले आखूड पडणे यांच्याशी या दोषाचे साम्य आहे. तिन्ही ठिकाणी हालचालीचा आकार घटलेला असतो. डोळ्यांसमोर अचानक उजळलेल्या दिव्याकडे घेतलेली नेत्रझेप बहुधा ठीक असते. स्वतःच्या मनाने किंवा आठवणीवरून घेतलेली झेप अधिक अपुरी पडते. बाहेरून संकेत मिळाल्यास हालचाल सुलभ होते आणि आतून सुरू करावयाची झाल्यास अडते, हे कंपवाताचे व्यापक सूत्र येथेही दिसते.

विरुद्ध नेत्रझेपेतील चुका: एका बाजूला दिवा लागताच मुद्दाम दुसऱ्या बाजूला पाहण्यास सांगणारी चाचणी पीटर हॅलेट यांनी १९७८ साली मांडली. तिच्यात स्वाभाविक ओढ रोखावी लागते. कंपवाताच्या रुग्णांकडून, विशेषतः आजार वाढल्यावर, या चाचणीत अधिक चुका होतात व प्रतिसादास अधिक वेळ लागतो. हे लक्ष एकाग्र करण्याच्या व निर्णय घेण्याच्या क्षमतेतील बदलांचे निदर्शक समजले जाते.

संथ अनुसरणातील खंड: हलत्या वस्तूच्या वेगाशी डोळ्यांचा वेग जुळत नाही. डोळे मागे पडतात आणि लहान झेपा घेऊन वस्तूला गाठतात.

अभिसरणातील दुबळेपणा: दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र न वळल्यामुळे वाचताना अक्षरे दुहेरी दिसतात. पायरीची कड किंवा ताटातील घास यांचे अंतर ठरवतानाही यामुळे गोंधळ होऊ शकतो.

पापण्यांची उघडझाप कमी होणे: निरोगी व्यक्ती मिनिटाला साधारणतः १५ ते २० वेळा पापण्या मिटते. कंपवातात हे प्रमाण बरेच घटते. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात व दृष्टी मधूनमधून धूसर होते.

याखेरीज दृष्टीच्या संवेदनेतही बदल होतात. दृष्टिपटलातही डोपामिन वापरणाऱ्या पेशी असतात. त्यामुळे जवळजवळच्या छटा वेगळ्या ओळखण्याची क्षमता घटते. करड्या फरशीवरील करडी पायरी किंवा संध्याकाळच्या उजेडातील खड्डा अशा व्यक्तीला वेगळा दिसत नाही. नेत्रतज्ज्ञाच्या तक्त्यावरील काळी ठळक अक्षरे मात्र ती नीट वाचू शकते. म्हणून नेहमीच्या तपासणीत दृष्टी उत्तम असल्याचा निष्कर्ष निघू शकतो.

चालण्यातील अडचणी

कंपवातात पावले आखूड पडतात, पाय जमिनीला घासतात, एका बाजूच्या हाताचा झोका कमी होतो आणि शरीर पुढे झुकते. ऑस्ट्रेलियातील मेग मॉरिस, रॉबर्ट आयन्सेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवल्यानुसार मूळ दोष पावलाच्या लांबीत आहे. पावलांची गती राखण्याची क्षमता बरीचशी शाबूत असते आणि आखूड पावलांची भरपाई करण्यासाठी रुग्ण ती वाढवतो. पायांतील शक्ती नाहीशी झालेली नसते. नकळत चालण्याची सवय मोडलेली असते. निरोगी माणूस बोलत बोलत चालतो, कारण चालण्याकडे त्याला लक्ष द्यावे लागत नाही. कंपवाताच्या रुग्णाला प्रत्येक पाऊल लक्षपूर्वक टाकावे लागते. त्याच वेळी बोलणे, पैसे मोजणे किंवा हातात पाण्याचा पेला धरणे असे दुसरे काम पडले की चाल बिघडते.

घाईची चाल हा दुसरा प्रकार होय. पुढे झुकलेल्या शरीराचा तोल गाठण्याच्या धडपडीत पावले अधिकाधिक आखूड व जलद होतात आणि रुग्णाला थांबता येत नाही.

चाल गोठणे हा सर्वांत त्रासदायक प्रकार आहे. चालण्याची इच्छा असूनही काही क्षण पावले पुढे सरकत नाहीत. पाय जमिनीला चिकटल्यासारखे वाटतात, असे रुग्ण सांगतात. चाल सुरू करताना, वळताना, अरुंद जागेतून जाताना, गर्दीत आणि घाईच्या वेळी हे अधिक घडते. दार हे त्याचे नेहमीचे ठिकाण होय. दाराची रुंदी पुरेशी असतानाही केवळ ते दिसल्याने पावले आखूड होत जातात आणि चौकटीपाशी थांबतात, असे प्रयोगांत आढळले आहे. मोकळ्या व्हरांड्यात नीट चालणारी व्यक्ती स्नानगृहाच्या दारात खिळून राहते व क्षणभराने पुन्हा चालू लागते. हे पाहणाऱ्या कुटुंबीयांना त्यात हट्ट किंवा आळस दिसण्याचा संभव असतो. वस्तुतः ही थबक रुग्णाच्या इच्छेच्या अधीन नसते. अशा वेळी हात धरून ओढल्यास शरीर पुढे जाते, पावले मागे राहतात आणि पडण्याचा धोका वाढतो.

नजर व पाऊल यांतील बिघाडाचा संबंध

वळणे ही या संबंधाची सर्वांत स्पष्ट कसोटी आहे. कंपवाताच्या रुग्णात डोळे, मान, धड व पाय यांचा क्रम विस्कळित होतो आणि मान व धड एकसंध ठोकळ्याप्रमाणे एकत्र वळतात. वळण पुरे करण्यास अधिक पावले व अधिक वेळ लागतो. अमेरिकेतील सेंट लुईस येथील कोरी लोन्स व गॅमन अर्हार्ट यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांच्या वळताना होणाऱ्या नेत्रहालचाली मोजल्या. वळणाची सुरुवात करणारी नेत्रझेप रुग्णांमध्ये लहान व मंद होती आणि नेत्रझेपेची गुणवत्ता व वळण्यातील कौशल्य यांत परस्परसंबंध दिसून आला. त्याच प्रयोगशाळेतील २०१६ सालच्या अभ्यासानुसार, चाल गोठण्याचा त्रास असणाऱ्या रुग्णांत नेत्रझेप सुरू होण्यास लागणारा वेळ अधिक असतो आणि त्यात प्रत्येक वेळी बराच फरक पडतो.

ब्रिटनमधील न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी डोक्यावर बसवता येणारी नेत्रमापन यंत्रे वापरून प्रत्यक्ष चालतानाच्या नजरेचा अभ्यास केला. चालताना, विशेषतः वळण घेताना, रुग्ण निरोगी समवयस्कांपेक्षा कमी नेत्रझेपा घेतात, असे त्यात आढळले. या संबंधात लक्ष एकाग्र करण्याची क्षमता हा महत्त्वाचा दुवा असल्याचे त्यांच्या पुढील कामातून दिसते. चाल आपोआप होत नसल्यामुळे रुग्णाला ती डोळ्यांनी पाहून सांभाळावी लागते; त्यासाठी नजर पावलांजवळ खिळते. पावलांजवळ खिळलेली नजर पुढील वळण, दार किंवा समोरून येणारी व्यक्ती वेळेवर टिपू शकत नाही. मग अडथळा अचानक पुढ्यात येतो व पाऊल अडते. नजरेवर अवलंबून राहणे अपरिहार्य झाले असतानाच नजर मंदावलेली असते, ही या अवस्थेतील मूळ अडचण आहे.

परस्परसंबंध आढळला म्हणजे एक गोष्ट दुसरीचे कारण ठरते असे नव्हे. मंद नेत्रझेप वळण बिघडवते, की दोन्ही दोष मेंदूतील एकाच बिघाडाची फळे आहेत, हा प्रश्न अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही. दोन्ही शक्यता एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

दृश्य संकेत

जमिनीवर पावलाच्या अंतराने आखलेल्या आडव्या रेषा ओलांडत चालण्यास सांगितले असता अनेक रुग्णांचे पाऊल लांब पडू लागते. रेषा चालण्याच्या दिशेने उभ्या आखल्यास हा परिणाम होत नाही. पायऱ्या चढताना काही रुग्ण सपाट जमिनीपेक्षा सुलभ हालचाल करतात, त्याचे कारणही हेच असावे. प्रत्येक पायरी पावलासाठी स्वतंत्र लक्ष्य पुरवते.

हा परिणाम कसा घडतो याविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार रेषा लक्ष वेधून घेते आणि चालणे पुन्हा हेतुपूर्वक होऊ लागते. दुसऱ्या मतानुसार चालताना रेषा डोळ्यांसमोरून मागे सरकतात व ती दृश्य गती चालीला आधार देते. फ्रान्समधील झाँ-फिलिप अझुले व सहकाऱ्यांनी १९९९ साली लुकलुकत्या प्रकाशात हाच प्रयोग केला. लुकलुकत्या प्रकाशात रेषा दिसत, परंतु त्यांची सलग गती दिसत नसे. तेव्हा रेषांचा लाभ नाहीसा झाला. यातून दुसऱ्या मताला पुष्टी मिळाली.

नेदरलँड्समधील आंके स्नायडर्स व बास ब्लूम यांनी २०१० साली एका ५८ वर्षांच्या रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. चाल गोठण्याच्या तीव्र त्रासामुळे तो काही पावलांपलीकडे चालू शकत नसे. सायकल मात्र सराईतपणे चालवी. फिरणारी पायटी पायांना सतत लय पुरवते, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

या निरीक्षणांवरून लेझरची रेषा जमिनीवर पाडणाऱ्या काठ्या व पादत्राणे तयार झाली आहेत. लयबद्ध ठोक्यांचा श्राव्य संकेतही उपयोगी पडतो. संकेतांचा परिणाम मुख्यतः ते समोर असेपर्यंतच टिकतो, ही त्यांची मर्यादा आहे. सर्व रुग्णांना एकाच संकेताचा उपयोग होत नाही.

निदान व मोजमाप

कंपवाताचे निदान मुख्यतः तज्ज्ञाच्या तपासणीवर अवलंबून असते. चालीच्या परीक्षणात रुग्णाला खुर्चीवरून उठून तीन मीटर चालण्यास, वळून परत येण्यास व पुन्हा बसण्यास सांगतात आणि लागलेला वेळ मोजतात. मागे उभे राहून खांद्यांना हलका झटका देऊन तोल तपासण्याची पद्धतही रूढ आहे. ती प्रशिक्षित व्यक्तीनेच अवलंबावी. डोळ्यांच्या तपासणीत दोन बोटांकडे आळीपाळीने पाहण्यास सांगून नेत्रझेपांचे निरीक्षण करतात. प्रयोगशाळेत कॅमेऱ्यावर आधारित यंत्रांनी त्यांचे अचूक मापन होते.

डोळ्यांच्या तपासणीचा सर्वांत मोठा उपयोग कंपवातासारख्या दिसणाऱ्या इतर आजारांपासून तो वेगळा ओळखण्यासाठी होतो. स्टील, रिचर्डसन व ओल्शेव्हस्की यांनी १९६४ साली वर्णन केलेल्या प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी या आजारात वर-खाली पाहण्याच्या नेत्रझेपा प्रथम मंदावतात व पुढे थांबतात, तसेच पडणे अगदी आरंभीच सुरू होते. नेहमीच्या कंपवातात वारंवार पडणे सामान्यतः उशिरा येते आणि नेत्रझेप अपुरी असली तरी तिचा वेग बहुतांशी टिकून असतो. म्हणून आजाराच्या पहिल्याच वर्षात वारंवार पडणे किंवा पायऱ्या उतरताना खाली पाहता न येणे ही लक्षणे मेंदूविकारतज्ज्ञाच्या निदर्शनास तातडीने आणणे आवश्यक असते.

उपचार

लेव्होडोपामुळे पावलाची लांबी व चालण्याचा वेग सुधारतो. औषधाचा प्रभाव ओसरला असताना येणारा चाल गोठण्याचा त्रासही त्यामुळे बराचसा कमी होतो. तोल सांभाळण्यावर त्याचा परिणाम मर्यादित आहे व नेत्रहालचालींवरील परिणामाबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. मेंदूतील सबथॅलॅमिक केंद्रकात विद्युताग्रे बसवून उद्दीपन देण्याची शस्त्रक्रिया फ्रान्समधील ग्रनोबल येथे १९९० च्या दशकात विकसित झाली. तिने निवडक रुग्णांत हालचालींबरोबरच नेत्रझेपाही सुधारल्याचे आढळले आहे.

व्यायाम हा उपचाराचा अविभाज्य भाग आहे. अमेरिकेतील ऑरेगन येथे १९५ रुग्णांवर झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ताई ची या चिनी व्यायामप्रकाराने तोल सुधारला. पडण्याचे प्रमाण स्नायू ताणण्याच्या व्यायामांच्या तुलनेत कमी झाले. नृत्यातही संगीताची लय, डोळ्यांसमोरील शिक्षक व नेमके पदन्यास असे अनेक संकेत एकत्र येतात.

डोळ्यांसाठी दुहेरी दिसण्यावर लोलकयुक्त भिंगांचा आणि कोरडेपणावर कृत्रिम अश्रूंच्या थेंबांचा उपयोग होतो. दूरचे व जवळचे असे दोन्ही नंबर एकत्र असलेल्या चष्म्यातून जमिनीकडे पाहताना नजर खालच्या भिंगातून जाते व पायरी धूसर दिसते. असे चष्मे वृद्धांमध्ये पडण्याचा धोका वाढवतात, असे आढळले आहे. म्हणून चालण्यासाठी केवळ दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा वापरण्याबाबत नेत्रतज्ज्ञाचा सल्ला घेणे हितावह असते.

घरातील दक्षता

घरातील पुढील उपाय भौतिकोपचारतज्ज्ञ सामान्यतः सुचवतात. व्यक्तीची अवस्था पाहून त्यांत बदल करावे लागतात.

वळण्यापूर्वी थांबून ज्या दिशेला जावयाचे तिकडे आधी नजर व मान वळवावी आणि मग पावले टाकावीत. जागच्या जागी गिरकी न घेता मोठा अर्धवर्तुळाकार फेरा घ्यावा. दारातून जाताना चौकटीकडे न पाहता पलीकडील एखाद्या वस्तूवर नजर ठेवावी. पाय गोठल्यास पुढे जाण्याची धडपड थांबवावी, ताठ उभे राहावे, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घ्यावा व मग एक मोठे पाऊल टाकावे. सोबतच्या व्यक्तीने ओढू नये. स्वतःचा पाय रुग्णाच्या पावलांपुढे आडवा ठेवून तो ओलांडण्यास सांगितल्यास बहुधा पाऊल उचलले जाते.

दारापाशी व स्नानगृहाच्या वाटेवर फरशीहून भिन्न रंगाच्या चिकटपट्ट्या आडव्या लावाव्यात. उंबरठा असलेल्या घरांत त्याची कड ठळक रंगाने रंगवावी. सुटी पायपुसणी, गुंडाळलेल्या सतरंज्या व वाटेतील तारा काढून टाकाव्यात. रात्री उठण्याच्या वाटेवर मंद दिवा असावा. चालताना बोलणे व हातात वस्तू नेणे टाळावे आणि फोन वाजला म्हणून घाई करू नये.

महाराष्ट्रातील कार्य

पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्ण व त्यांचे कुटुंबीय यांचा स्वमदत गट असून त्याच्या सभांतून आजाराची माहिती मराठीतून दिली जाते. या मंडळाच्या सहकार्याने नर्तक हृषीकेश पवार यांनी पुण्यात कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालवले आहेत. मुंबईत मुख्यालय असलेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी ही संस्था विविध ठिकाणी आधारगट चालवते. जेम्स पार्किन्सन यांचा जन्मदिवस, ११ एप्रिल, हा जागतिक पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो.

संशोधनाची सद्यःस्थिती

नेत्रहालचालींच्या मापनावरून आजार लवकर ओळखता येईल का, तसेच चाल गोठण्याचा व पडण्याचा धोका आधी वर्तवता येईल का, यांवर संशोधन चालू आहे. डोळ्यांच्या व्यायामांनी प्रत्यक्ष चालीत टिकाऊ सुधारणा होते, असे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. चष्म्यातून दृश्य संकेत दाखवणारी उपकरणे विकसित होत आहेत. या सर्व प्रयत्नांमागील गृहीत एकच आहे. कंपवातात पाऊल अडते तेव्हा उपचाराची दिशा पायांबरोबरच नजरेकडेही असावी लागते.

हेही पाहा

कंपवात, डोपामिन, लेव्होडोपा, बेसल गँग्लिया, जेम्स पार्किन्सन, भौतिकोपचार